पांदण, चौपदरी, समृद्धी: विदर्भातल्या अपघातांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या अपघाताची बातमी बहुतेकदा एकाच वाक्याशी येऊन थांबते: चालकाचे नियंत्रण सुटले. का सुटले, ते बातमीत नसते. सरकारी नोंदही तशीच ढोबळ. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू ‘अतिवेग’ या एका रकान्यात जमा झाले. पण वेग जास्त की कमी हे रस्ता ठरवतो, आणि आमच्याकडचा रस्ता दोन पिढ्यांत पार बदलला. चालवणाऱ्याचा हात मात्र आधीच्या रस्त्यावर बसलेला आहे. निम्मे दुखणे तिथेच आहे, असे माझे मत.

गंमत अशी की देशभरातल्या रस्त्यांची उतरंड ठरली ती नागपुरात. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते इथे जमले आणि वीस वर्षांचा आराखडा झाला, तो ‘नागपूर प्लॅन’. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही वर्गवारी तिथली. उतरंडीच्या तळाची गावे मात्र पुढे कित्येक वर्षे पांदणीतून, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या वाटेतून, बंडी हाकत राहिली. अनेक गावांना डांबर दिसले ते डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाल्यावर. तेही एकेरी, जेमतेम पावणेचार मीटर रुंद.

त्यात खाली काळी कपाशीची माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. वरचे डांबर लाटांसारखे होते आणि कडेची साईडपट्टी खचून वीतभर खाली जाते. एकेरी रस्त्यावर समोरून गाडी आली की एक चाक खाली घालावेच लागते. अलिखित नियम असा की ट्रकवाला डांबर सोडत नाही, लहान गाडीने उतरायचे. खरा धोका उतरण्यात नाही, घाईने वर चढण्यात आहे. स्टिअरिंग झटक्यात ओढले की चाक आधी डांबराच्या कडेला घासत राहते, मग एकदम वर उसळते, आणि वळलेल्या चाकांनिशी गाडी थेट समोरच्याच्या अंगावर जाते. चाक खाली गेलेच तर ब्रेक करकचून दाबू नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरावे, वेग पुरता उतरू द्यावा आणि कड जिथे उथळ असेल तिथून हळूच वर यावे.

मग चौपदरी आली. राष्ट्रीय महामार्ग जुना सहा नंबर, म्हणजे आताचा ५३, आणि जुना सात नंबर, म्हणजे आताचा ४४, मधोमध दुभाजक घेऊन रुंद झाले. गाव एका बाजूला, वावर दुसऱ्या बाजूला आणि दुभाजकातली फट लांब. ट्रॅक्टर, मोटारसायकल सरळ राँग साईडने निघतात. पांदणीत उजवे-डावे नव्हतेच, त्यामुळे त्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतही नाही. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. हेडलाईटच्या उजेडात ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून दिवस मावळला की वेग तेवढाच ठेवावा, जेवढ्यात दिव्याच्या टप्प्यात गाडी थांबेल. रोह्यांचेही, म्हणजे नीलगायींचेही, तेच. एक रोही उडी मारून गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असे नाही, मागून कळप येत असतो.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. इथे दुचाकी नाही, ट्रॅक्टर नाही, फाटा नाही. कारला मुभा ताशी १२० किलोमीटरची, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. वेग साठचा एकशेवीस केला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपटीच्या आसपास जाते, हे गावरस्त्यावर शिकलेल्याच्या अंगवळणी नसते. शिवाय डोळ्यांना काही कामच उरत नाही. खड्डा चुकवणारा माणूस निदान जागा असतो! १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, २५ प्रवासी गेले.

टायर फुटला की लोक समृद्धीच्या सिमेंटला दोष देतात. तापलेला रस्ता भर घालतो हे खरे, पण मूळ बहुधा कमी हवेत असते: भिंत वारंवार दुमडते आणि टायर आतून तापतो. त्यावर गाडीभर वऱ्हाड आणि वैशाखाचे ऊन. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर समृद्धीवर नेऊ नये. टायरमधली हवा प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असताना बघावी. रात्री दोन ते पाचची झोप चहाने जात नाही. गाडी थांबवून वीस मिनिटे डोळे मिटावेत. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावावा, कायद्यानेही तो बंधनकारक आहे.

आणि समृद्धीवरून उतरताना उलटेच होते. तासभर १२० ने आलेल्या माणसाला कारंजा किंवा मेहकरला खाली उतरल्यावर ८० चा वेग रांगल्यासारखा वाटतो, आणि पुढे तोच जुना एकेरी रस्ता, तीच खचलेली साईडपट्टी असते. पहिले काही किलोमीटर अंदाजावर न जाता काट्याकडे बघून वेग ठरवावा.