पीपीएम वाढला म्हणजे पाणी शिरलं असं नाही

ट्रान्सफॉर्मरच्या तेलावर सतत नजर ठेवणाऱ्या ऑनलाइन मॉनिटरवरचे गॅस आपल्या मंडळींना पाठ आहेत. नुसत्या हायड्रोजनचा सेन्सर फक्त घंटा वाजवतो. तेलात विरघळलेले सात गॅस मोजणारा डीजीए मॉनिटर आत काय बिघडलंय तेही सांगतो, आणि ॲसिटिलीन दिसलं की आर्किंगचा, म्हणजे आत ठिणग्या उडत असल्याचा, संशय घ्यायचा. त्यावर शब्द खर्च करत नाही.

घोळ होतो तो पाण्याच्या दोन आकड्यांचा. एक पीपीएम, म्हणजे तेलाच्या दहा लाख भागांत पाण्याचे किती भाग; दुसरा सापेक्ष संपृक्तता, म्हणजे त्या तापमानाला तेल जेवढं पाणी पेलू शकतं त्याच्या किती टक्के भरलंय, तो स्क्रीनवरचा आरएस टक्के.

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, लोड चढला की सांगली भागातून हमखास फोन येतो, "साहेब, पीपीएम दुप्पट झाला, पाणी शिरलं!" अहो, शिरलं नाही. ट्रान्सफॉर्मरमधलं बहुतेक सगळं पाणी वाइंडिंगवर गुंडाळलेल्या इन्सुलेशनच्या कागदात असतं. तेल तापलं की ते कागदातून तेलात उतरतं, आणि गरम तेल ते सहज पेलतं. ६० अंशांना खनिज तेलात साधारण २४० पीपीएम पाणी विरघळू शकतं, २० अंशांना जेमतेम ५५. म्हणजे तेच ३० पीपीएम ६० अंशांना १२ टक्के भरतात आणि २० अंशांना ५५ टक्के. पीपीएम हललाही नाही, पण तेलाची व्होल्टेज सोसण्याची ताकद घसरली.

थंडीत पहाटे कृष्णेवर धुकं उतरतं तेव्हा हवेत नवं पाणी आलेलं नसतं, हवा गार झालेली असते. तेलाचंही तेच. लोड सुटला, माघातली रात्र पडली, की तेल काही तासांत गार होतं. कागद मात्र पाणी परत ओढून घ्यायला दिवसच्या दिवस लावतो. मधल्या काळात ते तेलातच अडकतं. १० अंशांपर्यंत उतरलं तर त्याच ३० पीपीएमला आरएस ८० च्या वर जातो. खरी भीती त्या वेळेची, आणि आपण घाबरतो भर लोडच्या दुपारी.

आणखी एक गोष्ट खटकते. तेलात बसवलेला कपॅसिटिव्ह सेन्सर मुळात संपृक्तताच मोजतो. पीपीएम तो तापमान आणि तेलाचे गुणांक घालून हिशेबाने काढतो. तरीही कंट्रोल रूमला पाठवताना नेमका तो हिशेबाचा आकडाच पाठवतात आणि मूळ मोजणी मॉनिटरच्या पेटीतच राहते. लॅबचा कार्ल फिशर रिपोर्ट (तेलाच्या नमुन्यातल्या पाण्याच्या चाचणीचा) पीपीएममध्ये येतो म्हणून ही सवय लागली. पण बाटलीवर नमुना घेतानाचं तेलाचं तापमान लिहिलेलं नसेल, तर मी तो रिपोर्ट बाजूला ठेवतो.

स्काडावर, म्हणजे कंट्रोल रूमच्या देखरेख यंत्रणेवर, एकच रकाना मिळणार असेल तर आरएस घ्या. दोन मिळाले तर सोबत सेन्सरपाशी असलेलं तेलाचं तापमान घ्या; टाकीच्या माथ्यावरचं चालणार नाही. आणि नॅचरल एस्टर (वनस्पती तेलापासून बनवलेलं तेल) भरलेला ट्रान्सफॉर्मर असेल तर मॉनिटरमधले खनिज तेलाचे गुणांक आधी बदला. एस्टर कितीतरी पट जास्त पाणी विरघळवतं. जुन्या गुणांकांवर आरएस बरोबर दिसेल, पीपीएम साफ चुकेल.