आधी सांगा, कोणतं पान पिवळं पडलं?

गेल्या फाल्गुनात इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकू आल्या त्या रुमालात एक पान गुंडाळूनच. त्यांच्या गच्चीवरच्या कागदी लिंबाचं पान. "शेणखत घातलं, मोहरीची पेंड भिजवून घातली, कुणी सांगितलं म्हणून गंजके खिळेसुद्धा पुरले. तरी पिवळंच! आता काय घालू?"

मी विचारलं, "काकू, हे शेंड्याचं पान की खालचं?" त्यांना आठवेना. मग आम्ही गच्चीवरच गेलो, कारण पान झाडावर कुठे होतं हे कळल्याशिवाय पुढचं काहीच सांगता येत नाही.

पान पिवळं पडतं तेव्हा पिवळा रंग बाहेरून येत नाही. कॅरोटिनॉइड नावाची पिवळी द्रव्यं पानात आधीपासून असतातच, हिरव्याखाली झाकलेली. हरितद्रव्य सारखं मोडतं आणि सारखं नव्यानं बनतं. बनणं मागे पडलं की खालचं पिवळं उघडं पडतं. ते बनायला नत्र लागतं, त्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू लागतो, आणि लोह त्या रेणूत नसलं तरी लोहाशिवाय तो घडत नाही.

नत्र, मॅग्नेशियम आणि पालाश (पोटॅशियम) ही झाडाच्या अंगात फिरती असतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं, आईनं आपल्या ताटातलं लेकराला वाढावं तसं. म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. नत्र कमी असेल तर अख्खं पान सारखंच फिकट होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर लिंबाच्या पानाच्या कडा पिवळ्या पडतात आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण उरतो. लोह आणि जस्त मात्र जिथे बसले तिथून फारसे हलत नाहीत. ते कमी पडले की उपास घडतो तो नव्या पालवीला.

काकूंच्या लिंबाची खालची पानं गर्द हिरवी होती. शेंड्याची पिवळीधमक, आणि त्यांवर बारीकातली बारीक शीर हिरवी, कुणी हिरव्या शाईनं जाळी काढल्यासारखी. हा लोहाचा उपास.

"अहो, पण काळी माती आहे, आणि खिळे घातलेत की!" काकूंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माळव्याची काळी माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली, तिच्यात लोह भरपूर असतं. पण धरण उशाला अन् कोरड घशाला! ते लोह गंजाच्या रूपात असतं आणि गंज पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मातीचा पीएच, म्हणजे ती आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, एका अंकानं वाढला की या लोहाची विरघळण्याची क्षमता सुमारे १००० पटींनी घटते. खिळे पुरणं म्हणजे गंजात आणखी गंज घालणं. लिंबाची मुळं आम्ल सोडून थोडं थोडं लोह विरघळवून घेतात, पण पाण्यात बायकार्बोनेट असलं की ते आम्ल तिथल्या तिथे मारलं जातं.

हे बायकार्बोनेट येतं कुठून? आमच्याकडे इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते घरात लागतं. गच्चीवरच्या गमल्यांच्या वाट्याला बोरिंगचं जड पाणी. काकूंच्या गमल्याच्या काठावर पांढरा खरखरीत थर साचला होता. वरची सुकी माती बशीत घेऊन मी तिच्यावर व्हिनेगर टाकलं, तर बारीक बुडबुडे फसफसले. मातीत चुना असल्याची, म्हणजे पीएच चढल्याची ही खूण.

तरीही खात्री करायची होती. पेलाभर, म्हणजे २०० मिली पाण्यात १ ग्रॅम हिराकस (पाण्यात विरघळणारं लोहाचं मीठ, फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्व विरघळवलं. लिंबूसत्वामुळे द्रावण लवकर गंजत नाही; तांबूस झालं तर फेकून द्यावं. संध्याकाळी रंगाच्या ब्रशानं एका पिवळ्या पानाचा फक्त डावा अर्धा भाग दोन्ही बाजूंनी पुसला आणि देठाला दोरा बांधला. निकालाला आठ-दहा दिवस.

तेवढ्यात काकूंनी पेरूही दाखवला. त्याची पानं मरगळलेली, शिराच आधी पिवळ्या झालेल्या, आणि बुडाखाली ताटलीत पाणी. शिरा पिवळ्या दिसल्या की मी खताचा विचार सोडून मुळांकडे बघते. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगानं पसरतो, त्याच्या सुमारे १०,००० पट हळू तो पाण्यातून पसरतो. काळी माती भिजली की फुगते, तिच्यातल्या फटी बुजतात आणि मुळं गुदमरतात. गमला आडवा करून मातीचा गोळा बाहेर काढला. बुडाची मुळं तपकिरी, चिमटीत धरली तर साल मोज्यासारखी निघून येत होती. अशा झाडाला खत देणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला जेवायला बसवणं. सडकी मुळं कापली, काळ्या मातीचा एकच वाटा ठेवून एक वाटा कंपोस्ट आणि एक वाटा जाड रेती घातली, ताटली काढून टाकली.

मातीतल्या हवेची गोष्ट निघाली की मला आपलंच गाव आठवतं. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तिथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री होती. १९२४ ते १९३१ इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिथे होते, आणि सहकारी यशवंत वाड यांच्यासोबत त्यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. त्या पद्धतीत ढीग पुन्हा पुन्हा उलटतात तो हवा मिळावी म्हणूनच.

डाळिंबाची चौकशी मात्र लगेच संपली. पौषाच्या थंडीत त्याची पानं पिवळी होऊन गळाली होती, आता नवी पालवी फुटली होती. डाळिंब आणि अंजीर थंडीत पानं टाकतातच.

नवव्या दिवशी काकूंनी जिन्यातूनच हाक मारली. दोरा बांधलेल्या पानाचा डावा भाग हिरवा, उजवा तसाच पिवळा, मधल्या शिरेवर सरळ रेघ. त्याच संध्याकाळी १ लिटरला ५ ग्रॅम हिराकस घेऊन आम्ही सगळी पालवी फवारली. मुळांसाठी लोहाची पुडी आणायचं ठरलं, तेव्हा त्यांना बजावलं की तिच्यावर ईडीडीएचए लिहिलेलं असू दे; लोहाला विरघळलेल्या रूपात धरून ठेवणारं हे द्रव्य. त्याच कामाचं स्वस्त ईडीटीए मात्र पीएच साडेसहाच्या वर गेला की लोहाला धरून ठेवू शकत नाही. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवायचं आणि ते पाणी आधी लिंबाला घालायचं, हेही काकूंनी तिथेच पक्कं केलं.