स्टिअरिंगवाला 'घरगुती संगणक'

भिंतभर डायल, मधोमध मोटारीसारखं स्टिअरिंग, शेजारी उभा सुटातला माणूस. '२००४ मध्ये घरगुती संगणक असा दिसेल, असं १९५४च्या 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकी विज्ञान मासिकात छापलं होतं,' या ओळीसह हा कृष्णधवल फोटो वर्षानुवर्षं फिरतो आहे.

हा फोटो त्या मासिकातला नाही. मूळ फोटो रंगीत आहे, वॉशिंग्टनच्या एका संग्रहालयात मांडलेल्या आण्विक पाणबुडीच्या नियंत्रण-कक्षाचा. ते चाकही स्टिअरिंग नव्हे. टर्बाइनकडे जाणारी वाफ त्याने कमी-जास्त करतात. २००४ मध्ये फोटोत फेरफार करण्याच्या एका ऑनलाइन स्पर्धेसाठी कुणीतरी त्यात माणूस, टीव्ही आणि टेलिटाइप (तारेवरून मजकूर पाठवणारं टंकयंत्र) बसवला, रंग काढून टाकले. काम इतकं सफाईदार की संगणक क्षेत्रातले लोकही फसले.

फसणं साहजिकच होतं. अणुशक्तीवर चालणाऱ्या मोटारीचं छोटं मॉडेल १९५८ मध्ये अमेरिकेत खरोखरच मांडलं गेलं होतं. त्या काळच्या मासिकांत काहीही शोभून दिसायचं!

चोरी पकडून देते ती फोटोखालची ओळ. 'फोरट्रान भाषेमुळे वापर सोपा होईल,' असं तिथे म्हटलंय. फोरट्रान म्हणजे संगणकाला सूचना लिहून देण्याची भाषा. पण फोरट्रानचा पहिला कंपायलर, म्हणजे त्या सूचना संगणकाला कळतील अशा करून देणारा प्रोग्राम, ग्राहकांच्या हाती पडला १९५७ मध्ये. १९५४ मध्ये ही भाषा अजून कागदावरच आकार घेत होती, मग सामान्य वाचकासाठी तिचं नाव कोण छापेल?

आणखी खात्री हवी असेल तर फोटोवरून शोध घ्या, पाणबुडीचा रंगीत फोटो समोर येईल. मासिकाचे जुने अंकही स्कॅन करून ठेवलेले आहेत. १९५४चे चाळून बघता येतात.