बेड कोणाला: तेरा गुणांना की पाच गुणांना?

‘आयसीयूत बेड नाही’ हे ऐकलं की मुंबईकराच्या मनात पहिली शंका येते ती वशिल्याची. कुणाचा तरी फोन आला असणार, नाहीतर नगरसेवकाची चिठ्ठी. तसं कधीच होत नाही असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण कुणाचाही फोन न येता, रात्री दोन वाजता, एखाद्या रेसिडेंट डॉक्टरला एक बेड आणि दोन पेशंट यांचा हिशेब करावाच लागतो. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना वाटतो तसा तो नसतो. ‘आधी येईल त्याला’ हा नियम तिथे लागू पडत नाही. ‘जास्त सिरियस असेल त्याला’ हासुद्धा पुरता लागू पडत नाही.

खरा प्रश्न असा असतो: हा बेड मिळाल्याने या माणसाच्या वाचण्याच्या शक्यतेत किती फरक पडेल? जो वॉर्डातच सलाइन आणि ऑक्सिजनवर सावरणार आहे, त्याच्या बाबतीत फरक थोडा. ज्याला आता कुठलंच यंत्र वाचवू शकत नाही, त्याच्याही बाबतीत थोडाच. सगळ्यात जास्त फरक पडतो तो या दोघांच्या मधल्यांना. अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर डॉक्टरांच्या संघटनेने १९९९ साली रुग्णांचे चार प्राधान्यगट सुचवले होते. त्यातल्या शेवटच्या, चौथ्या गटात ‘आयसीयूची गरज नसण्याइतका बरा’ आणि ‘आयसीयूचा उपयोग नसण्याइतका आजारी’ असे दोघंही शेजारी शेजारी बसवलेले आहेत. पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतं, पण हिशेब चोख आहे.

मग फरक मोजायचा कसा? इथे आकडे येतात. जगभर मोठ्या प्रमाणावर वापरला जातो तो ‘सोफा’ स्कोअर. फुप्फुस, रक्त गोठण्याची यंत्रणा, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड अशा सहा गोष्टींना प्रत्येकी शून्य ते चार गुण द्यायचे आणि बेरीज करायची. जास्तीत जास्त चोवीस. इथे गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ऑगस्ट महिना. दरवर्षी पाणी तुंबणाऱ्या दादरच्या हिंदमाता भागात गुडघाभर पाण्यातून पायाला जखम असताना पार्सलं पोहोचवणारा बत्तीस वर्षांचा मुलगा आठवड्याभराने तापाने फणफणून कॅज्युअल्टीत येतो. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. डोळे पिवळेजर्द, बिलिरुबिन १४: यकृताचे चार गुण. क्रिएटिनिन ४.१: मूत्रपिंडाचे तीन. प्लेटलेट ४२ हजार: रक्त गोठण्याचे आणखी तीन. रक्तातल्या ऑक्सिजनचं गुणोत्तर २४०: फुप्फुसाचे दोन. रक्तदाबाची सरासरी ६६: एक. शुद्ध पक्की आहे, आईला ओळखतो, बोलतो: शून्य. एकूण तेरा.

त्याच रात्री अडुसष्ट वर्षांचे एक आजोबा आले आहेत. फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत पसरलेला, उपचार थकलेले, त्यात न्यूमोनिया. ऑक्सिजनचे दोन गुण, थोडा गोंधळलेपणा म्हणून एक, क्रिएटिनिन १.४ म्हणून एक, प्लेटलेट सव्वा लाख म्हणून एक. एकूण पाच.

नुसता आकडा पाहणाऱ्याला वाटेल, आजोबांची वाचण्याची शक्यता जास्त. पावसाळे काढलेला मुंबईचा कुठलाही फिजिशियन उलटं सांगेल. लेप्टोमधली कावीळ दिसायला भयंकर असते, पण त्यात यकृत बहुधा कायमचं निकामी होत नाही. रुग्ण वाचला तर मूत्रपिंडही बहुधा पूर्ववत होतं, मधले काही दिवस डायलिसिसने काढून द्यावे लागतात. धोका असतो तो फुप्फुसात रक्तस्राव सुरू होण्याचा, आणि तो झाला तर व्हेंटिलेटर लागतो. म्हणजे आयसीयू जे देऊ शकतं, नेमकं तेच या मुलाला हवं आहे. आजोबांच्या न्यूमोनियावर अँटिबायोटिक चालूच राहील, धाप कमी करायला मॉर्फिनही देता येईल. पण नळी घालून ठेवली तरी त्याखालचा आजार जागचा हलणार नाही. बेड तेरा गुणवाल्याला.

दोष त्या स्कोअरचाही नाही. १९९६ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा कर्त्यांनीच म्हटलं होतं की अवयव किती बिघडलेत याचं वर्णन करण्यासाठी तो आहे, कोण जगेल याचं भाकीत करण्यासाठी नाही. आपण त्याला ज्योतिषी करून टाकलं. किडनीच्या जुन्या रुग्णाचं क्रिएटिनिन पाचाच्या वर असेल, तर आजारी पडण्याआधीच त्याच्या खात्यावर चार गुण जमा असतात. कोविडमध्ये तर पंचाईतच झाली, कारण बिघाड मुख्यतः एकाच अवयवात, फुप्फुसात होता. अमेरिकेत व्हेंटिलेटरवर जाणाऱ्या कोविड रुग्णांवर केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या स्कोअरची अचूकता ०.५९ निघाली. या मापात ०.५ म्हणजे निव्वळ नाणेफेक. नुसतं वय पाहून सांगितलं असतं तर ०.६६!

‘बेड’ म्हणजे खाट नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. खाट आणि मॉनिटर विकत मिळतात. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे प्रत्येक पाळीत एक प्रशिक्षित सिस्टर हवी, ती सहज मिळत नाही. मुळात आयसीयूची कल्पनाच माणसांच्या हातांतून जन्मली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वास बंद पडलेले रुग्ण रोज येत होते आणि यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यात नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबण्याचा मार्ग काढला, आणि सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. अशा रुग्णांतला मृत्युदर ८७ टक्क्यांवरून २५ टक्क्यांच्या आसपास आला. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डात व्हेंटिलेटर रिकामा होईपर्यंत अँब्यू बॅग, म्हणजे तशीच श्वास देणारी पिशवी, हाताने दाबत बसलेला भाऊ किंवा मुलगा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही. फरक एवढाच की कोपनहेगनमध्ये ते प्रशिक्षित होते आणि त्यांना बदली मिळत होती.

निवड कोण करतं यालाही महत्त्व आहे. समोर रडणारी आई असताना त्याच डॉक्टरने उपचारही करायचे आणि बेडही नाकारायचा, हे माणसाला पेलत नाही. २०२० साली मुंबई महापालिकेने लॅबचे कोविड अहवाल आधी स्वतःकडे मागवले आणि २४ वॉर्डांच्या वॉर रूममधून रुग्णांना फोन करून लक्षणांप्रमाणे बेड द्यायला सुरुवात केली. निर्णय खाटेपासून दूर नेला गेला. माझ्या मते त्या काळातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. साथ ओसरली तशी ती व्यवस्थाही गेली. दर पावसाळ्यात ती निदान आयसीयूपुरती का चालू नसावी, हे मला अजून कळलेलं नाही.

उरला अवघड भाग: दिलेला बेड परत घेणं. २००१ सालच्या एका अभ्यासात दिसलं की पहिल्या ४८ तासांत सोफाचे गुण वाढत गेले, तर सुरुवातीचा आकडा काहीही असो, निम्मे किंवा त्याहून जास्त रुग्ण दगावतात. म्हणून दाखल करतानाच ‘दोन दिवसांनी पुन्हा पाहू, उपयोग होत नसेल तर पुढचं बोलू’ असं ठरवण्याची पद्धत आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१५ साली साथीसाठी केलेल्या नियमांत ४८ आणि १२० तासांनी फेरतपासणी होती, आणि दोघांची अवस्था सारखीच असेल तर सरळ चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. आपल्याकडे चिठ्ठी म्हटलं की वेगळीच चिठ्ठी आठवते, पण डोळे मिटून उचललेली चिठ्ठी कुणाच्या ओळखीची नसते.

केंद्र सरकारनेही आयसीयू दाखल्याबाबत २४ तज्ज्ञांकडून मार्गदर्शक सूचना करून घेतल्या, २०२४च्या सुरुवातीला त्यांची बरीच चर्चा झाली. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी नकार दिला तर दाखल करू नये, याचीच बातमी झाली. मला त्यातला दुसरा भाग जास्त कामाचा वाटतो. बेडची वाट पाहणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब, नाडी, श्वासाची गती, ऑक्सिजन, लघवीचं प्रमाण, शुद्ध, ताप आणि साखर यांवर लक्ष ठेवलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. यातलं बहुतेक काही मोजायला आयसीयू लागत नाही. बेड मिळेपर्यंत नातेवाइकांनी ‘कधी मिळेल’ एवढंच विचारत राहण्यापेक्षा, मघापासून लघवी किती झाली आणि श्वास मिनिटाला किती चालू आहे, हे केसपेपरवर लिहिलंय का ते सिस्टरना विचारावं. श्वास चोविसावरून चौतिसावर गेल्याची नोंद असेल, तर रात्री दोन वाजताच्या त्या हिशेबात तीही धरली जाते.