रोटिफरची बाटली घरी नेल्यावर

"यात तं नुसतं हिरवट पाणी आहे" असा फोन दर आठवड्याला येतोच, म्हणून हा कागद. रोटिफर म्हणजे माशांच्या बारीक पिल्लांना खाऊ घालायचे पाण्यातले सूक्ष्म जीव. भाऊ, बाटलीमागे काळा कागद लावा अन् बाजूनं मोबाईलचा टॉर्च मारा, पिठाच्या धुळीसारखे पांढरे कण हळूहळू फिरताना दिसतील, तेच ब्रॅकिओनस, म्हणजे आपले रोटिफर. एक कण मिलिमीटरच्या पाव भागाएवढा, कधी त्याहून बारीक. डोक्यावरची केसांची झालर हलते तेव्हा चाक फिरल्यासारखं वाटतं, त्यावरच ते पोहतात अन् त्यानंच शेवाळ तोंडाकडे ओढतात.

गप्पी, मोलीवाल्यांनी हे घेऊ नका, त्यांची पिल्लं मोठीच जन्मतात, पैसे वाया. गौरामीची पिल्लं मात्र इतकी बारीक की पहिले काही दिवस आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीची पिल्लं) तोंडात मावत नाही, त्यांच्यासाठी हे.

रोटिफरला खायला ग्रीन वॉटर (बारीक शेवाळाचं हिरवं पाणी), बाटलीतलं पाणी फिकट झालं की थोडं टाका. यीस्ट देत असाल तर अगदी चिमूटभर, कारण उरलेलं सडतं, अमोनिया होतो अन् एका रात्रीत सगळं खलास, आमच्याकडे परत येणाऱ्या बहुतेक बाटल्यांची हीच कहाणी. नळाचं पाणी अँटिक्लोरीन टाकूनच वापरा.

टेंपरेचर 25 ते 28 बरं. मे महिन्यात 45 असते राजेहो, बाटली कूलरच्या खोलीत ठेवा, गच्चीवर नाही. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी लाइट गेली, एअर पंप बंद, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, संध्याकाळी आमच्याच दोन टबांच्या तळाशी मेलेल्या रोटिफरचा पांढरा थर. आता बॅटरीवाला पंप ठेवतो.

यात जवळपास सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी देतात, अंडं मागे चिकटवून फिरतात. मायक्रोस्कोप असेल तर अंडीवाल्या माद्या किती ते बघा, खूप दिसल्या तर कल्चर ठणठणीत.

फुटाळा तलावाचं पाणी आणून यात टाकू नका, सायक्लॉप्स नावाचा बारीक शिकारी जीव येतो अन् सगळं फस्त करतो. अस्प्लांक्ना नावाचा दुसरा एक रोटिफरही यांना गिळतो, पण गंमत बघा, तो पाण्यात आहे हे नुसतं कळलं की आपल्या कॅलिसिफ्लोरसच्या (बाटलीतल्या ब्रॅकिओनसची जात) पुढच्या पिढीला लांब काटे फुटतात, मग गिळणं अवघड!

रोज पाव बाटली पाणी 50 मायक्रॉनच्या जाळीतून गाळून जाळीवर राहिलेले रोटिफर पिल्लांना द्या, तेवढंच ग्रीन वॉटर परत भरा. रिकामी बाटली साबणानं धुवू नका, तशीच घेऊन या.