बार्बीच्या आधीची लिली : चांगली खपणारी बाहुली १९६४मध्ये बंद का झाली?

एखादी बाहुली बाजारातून गेली की आपण धरून चालतो, खपत नसेल. पश्चिम जर्मनीतली 'बिल्ड-लिली' मात्र खपत होती. १९५५ ते १९६४ या काळात तिच्या सुमारे १ लाख ३० हजार प्रती तयार झाल्या, जर्मनीबाहेरही तिला गिऱ्हाईक होतं. तरीही ती बंद झाली, कारण तिच्यावरून बेतलेल्या बाहुलीच्या मालकांनी तिचे हक्कच विकत घेतले. ती दुसरी बाहुली म्हणजे बार्बी.

लिलीचा जन्म झाला तो वर्तमानपत्रातली रिकामी जागा भरण्यासाठी. २४ जून १९५२ रोजी हॅम्बुर्गहून 'बिल्ड' या दैनिकाचा पहिला अंक निघाला. आत थोडी जागा उरली होती. व्यंगचित्रकार राइनहार्ड बॉयटीन यांनी आधी एक गुबगुबीत बाळ काढलं, ते वरिष्ठांना पसंत पडलं नाही. मग त्यांनी चेहरा बाळाचाच ठेवला आणि त्याला पोनीटेल आणि तरुणीचा बांधा दिला. पहिल्याच चित्रात ही बया ज्योतिषीणबाईंसमोर बसली आहे. तुमच्या नशिबात श्रीमंत, देखणा पुरुष आहे, असं भविष्य ऐकून ती त्याचं नाव आणि पत्ताच मागते. लिली नोकरी करते, स्वतःचं पोट स्वतः भरते, पुरुषांचा खिसा ओळखून असते आणि कुणाला उत्तर द्यायला कचरत नाही. युद्धाच्या राखेतून उठणाऱ्या जर्मनीला ती आवडली. एकदाच छापायचं ठरलेली ती व्यंगचित्रमालिका १९६१च्या जानेवारीपर्यंत चालली.

लोकप्रियता पाहून दैनिकाने तिची बाहुली काढायचं ठरवलं. काम मिळालं नॉयश्टाट बाय कोबुर्ग इथल्या 'ओ. अँड एम. हाउसर' या कंपनीला. 'एलास्टोलिन' नावाने खेळण्यातले सैनिक बनवणारं हे जुनं घराणं. कंपनीचे कारागीर माक्स वाइसब्रोट यांनी बाहुली घडवली, कपडे मार्था मार यांच्या कारखान्यात शिवले गेले. १२ ऑगस्ट १९५५ रोजी लिली दुकानात आली : मोठी ३० सेंटिमीटरची १२ मार्कांना, छोटी १९ सेंटिमीटरची साडेसात मार्कांना. काळ्या उंच टाचांचे बूट आणि कानातले अंगावरच घडवलेले, त्यामुळे काढता न येणारे. आणि नजर तिरकी, सरळ कुणाकडे न पाहणारी.

इथे एका समजाबद्दल बोलायला हवं. लिली म्हणजे पुरुषांची चावट गंमत, तंबाखूच्या दुकानात मिळणारी, असं आजही बेधडक लिहिलं जातं. त्यात अर्धं सत्य आहे. सुरुवातीला ती खरोखरच मोठ्यांसाठी होती. तंबाखूच्या दुकानांत, बारमध्ये विकली जाई. पण तिचे कपडे वेगळे विकत मिळायचे आणि थोड्याच काळात मुली तिच्याशी खेळू लागल्या. 'चावट जर्मन बाहुली आणि निरागस अमेरिकन बार्बी' ही गोष्ट माझ्या मते बार्बीच्या सोयीची आहे. मूळ बाहुली बदनाम असली की तिच्यावरून दुसरी घडवणाऱ्याला जाब कोण विचारणार?

तेव्हा मुलींच्या हातात बहुतेक तान्ह्या बाळाच्याच बाहुल्या दिल्या जात. अंगाई गा, दूध पाजा, आई व्हायची तालीम करा. लॉस एंजेलिसजवळच्या मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीच्या रूथ हँडलर यांनी मात्र पाहिलं होतं की त्यांची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांना मोठ्या बायकांची कामं करायला लावते. मोठ्या बाईची बाहुली काढू या, असं त्या सांगत, पण कंपनीत कुणी मनावर घेत नव्हतं. १९५६मध्ये कुटुंबासह युरोपात फिरताना स्वित्झर्लंडमधल्या लुझर्नच्या एका दुकानाच्या काचेत त्यांना लिली दिसली. त्यांनी तीन विकत घेतल्या. पुढे मॅटेलचे अभियंते जॅक रायन जपानला निघाले तेव्हा त्यांच्या सामानात एक लिली होती. अशी बाहुली कोण बनवून देईल, हा शोध तिथे घ्यायचा होता.

९ मार्च १९५९ रोजी न्यू यॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात बार्बी आली. किंमत ३ डॉलर. प्लास्टिक मऊ झालं, केस डोक्यात रोवले गेले, बूट काढता येऊ लागले. बांधा, पोनीटेल, लाल ओठ आणि ती तिरकी नजर मात्र लिलीचीच. पहिल्या वर्षातच सुमारे ३ लाख बार्बी विकल्या गेल्या. लिलीचा नऊ वर्षांचा आकडा वर दिलाच आहे.

मग कोर्टबाजी. अमेरिकेतले बडे खेळणीवाले लुई मार्क्स यांनी १९६०मध्ये हाउसरकडून लिलीचा परवाना घेतला आणि 'मिस सेव्हन्टीन' नावाची बाहुली काढली. १९६१मध्ये त्यांच्या कंपनीने मॅटेलवर दावा ठोकला. बार्बी ही लिलीची सरळसरळ नक्कल आहे आणि बसवली तरी पाय जुळलेले राहतील असा मांडीचा सांधा हे हाउसरचं पेटंट आहे, असं तिचं म्हणणं. मॅटेलने उलट दावा केला. सगळा भर त्या सांध्यावर आहे हे मला भारी गमतीचं वाटतं. चेहऱ्याची नक्कल सगळ्यांना दिसते, पण कोर्टात मापता येतो तो सांधा. १९६३मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटलं. कुणी कुणाची नक्कल केली याचा निवाडा झालाच नाही.

त्यानंतर मॅटेलने हाउसरशीच थेट बोलणी केली. १९६४मध्ये लिलीचे हक्क आणि पेटंट तिने २१,६०० डॉलर एकरकमी देऊन घेतले. ३ डॉलरच्या भावाने ही ७,२०० बार्बींची किंमत. विकलेल्या बाहुलीमागे ठरावीक वाटा घेतला असता तर हाउसर घराण्याचं काय झालं असतं, हा हिशेब न केलेलाच बरा. बार्बीचा पसारा किती वाढलाय याबद्दल मॅटेलने आपल्याला अंधारात ठेवलं, अशी तक्रार हाउसर यांच्या बाजूने पुढे अनेक दशकं होत राहिली. कोबुर्गकडची मूळ कंपनी १९८३मध्येच बुडाली होती.

हक्क विकल्यावर हाउसरला लिली बनवता येईना आणि मॅटेलला ती बनवायची नव्हती. मॅटेलकडे बार्बी होती. त्यामुळे उत्पादन थांबलं. हाँगकाँगमधल्या कारखान्यांनी काढलेल्या लिलीच्या स्वस्त नकला मात्र बाजारात फिरत राहिल्या.

बार्बीची नजर पुढे बरीच वर्षं तशीच तिरकी होती. समोर पाहणारी बार्बी आली ती १९७१मध्ये, 'मालिबू' या नावाने.