डिप्रेशनच्या गोळ्यांची ‘सवय’ लागते का?

‘एकदा सुरू केल्या की जन्मभर सुटत नाहीत,’ हे घरोघरी ऐकू येतं. ते खरं नाही. या गोळ्यांची नशा चढत नाही, तलफही लागत नाही. मग बंद केल्यावर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं का होतं? बहुतेक वेळा गोळी एकदम तोडलेली असते. यातलंच पॅरॉक्सेटिन हे औषध शरीरातून लवकर जातं म्हणून त्रास जास्त, फ्लुओक्सेटिन रेंगाळतं म्हणून कमी. डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू उतरवायचा असतो.

सुरुवातीची मळमळ बहुधा १-२ आठवड्यांत ओसरते. जेवणानंतर गोळी घेऊन बघा. गुण यायला मात्र २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि नेमकी तेव्हाच माणसं अर्धी स्ट्रिप कपाटात टाकून देतात. कृपा करून तसं करू नका. मरणाचे विचार वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.